किरण कुठून गेला

प्रिय चिंगे,

आईचं पत्र, तेही कागदावर आणि पाकिटात, म्हणजे कुठेतरी घोडं पेंड खातंय हे तू पत्त्यावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. खातंय. पण एकदम सांगत नाही, थोडा धीर धर. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. बाबा तुला वकीलसाहेब उगाच म्हणत नाहीत. तू एक प्रश्न विचारतेस, मी उत्तराची जुळवाजुळव करते तोवर तुझा दुसरा तयार असतो, आणि शेवटी मी 'बरं, बघू' म्हणून फोन ठेवते. शिवाय आपल्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी आतल्या खोलीत ऐकू जातं, आणि बाबा हल्ली डोळे मिटून पडलेले असले म्हणजे झोपलेच आहेत असं नसतं.

म्हणून इथून लिहितेय, कामाच्या जागेवरून. दुपार आहे आणि किरण बंद पडलाय. कुठल्याशा निर्वात नळीत हवा शिरतेय, ती नेमकी कुठून शिरतेय हे शोधत किरणवाले सकाळपासून तळघरात फिरताहेत. तुला लहानपणी सांगायचे ना, आमच्याकडे दोनच घराणी, किरणवाले आणि पेशीवाले. किरणवाल्यांचं यंत्र फुटबॉलच्या मैदानाएवढं, पेशीवाल्यांची बशी तळहाताएवढी, आणि मैदानवाल्यांचं अडलं की बशीवाल्यांनी देव पाण्यात घालून बसायचं. माझ्या पेशी उबेच्या कपाटात बसल्या आहेत आणि मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्यांची सोय माझ्यापेक्षा बरी आहे. चहाच्या यंत्रातून चहाच्या रंगाचं कोमट पाणी येतंय. पाठ दुखतेय. खरं सांगू का चिंगे, मी फार थकलेय. झोपून जाईल असा हा थकवा नाही. सकाळी डोळे उघडते तेव्हा तो माझ्या आधी उठून बसलेला असतो.

मागच्या नाही, त्याच्या आधीच्या रविवारी तू फोनवर किती आनंदात होतीस. गेले दोन महिने तू त्या उपचार केंद्राच्या मागे हात धुऊन लागली होतीस. रिपोर्ट पाठवलेस, परत पाठवलेस, तिथल्या डॉक्टरांना गाठलंस, केंद्राजवळ खोली बघून ठेवलीस, ऑफिसात रजा टाकलीस. आणि ते तयार झाले. बाबांच्या माकडहाडाजवळच्या गाठीवर जड कणांचा किरण देऊ म्हणाले. या आठवड्यात आपण त्यांना हो कळवायचं आणि पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन तिकडे जायचं. तू बाबांना विचारलंस, बाबा म्हणाले, "हो, येतो की." झालं, ठरलं. मग तू मला म्हणालीस की आई, जन्मभर ज्याच्यापायी घर टाकून पळालीस ते आता घराच्या कामी येतंय बघ. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. मनापासून बरं वाटलं होतं, कारण मलाही तेच हवं होतं.

आणि तू असंही म्हणालीस की आई, तू तर ते रोज बघतेस, आत नक्की काय होतं ते मला एकदा नीट सांग. तेव्हा सांगितलं नाही. आता वेळ आहे.

कार्बनचा अणू घ्यायचा, त्याचे इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, आणि त्या मैदानाएवढ्या यंत्रात गरगर फिरवून त्याला इतका वेग द्यायचा की प्रकाशाच्या निम्म्याच्याही पुढे गेला पाहिजे. मग तो अंगात सोडायचा. साधा एक्स-रे शरीरातून जाताना सगळीकडे थोडंथोडं सांडत जातो. हा तसा नाही. काही पाहुणे असतात बघ, तासभर हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि निघताना दारात बूट घालता घालता खरं काय ते बोलतात. हा त्यांच्यातला. वाटेत फारसं काही करत नाही, आणि जिथे थांबतो तिथे होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकतो. तो गाठीत नेमका थांबवता आला की गाठ मरते आणि आजूबाजूचं बरंच वाचतं. हे तुला माहीत आहे म्हणा. या दोन महिन्यांत तू माझ्यापेक्षा जास्त वाचलंयस.

माझं काम याच्या एक पायरी खाली. एक कण एका जिवंत पेशीतून नेमका कुठून गेला, ते बघायचं. कण काही दिसत नाही. म्हणून आम्ही नखाएवढ्या पारदर्शक स्फटिकावर, नीलमाच्या जातीचा असतो तो, पेशी वाढवतो. त्या त्याच्यावर पसरतात, सरकतात, एकीच्या दोन होतात, आपला संसार करतात. कण वरून येतो, पेशीतून आरपार जातो आणि खालच्या स्फटिकात आपल्या वाटेची एक रेघ ठेवून जातो. लेसरखाली धरलं की ती रेघ चमकते. तिकडे पेशीत, जिथे आतला डीएनएचा धागा तुटलाय तिथे दुरुस्तीवाली प्रथिनं धावत जातात, आणि त्यांना आम्ही आधीच एक हिरवी चमकणारी शेपटी जोडून ठेवलेली असते. काही मिनिटांत काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटायला लागतात. वरच्या ठिपक्यांचं चित्र आणि खालच्या रेघांचं चित्र एकमेकांवर ठेवायचं. मग कळतं की किरण इथून गेला आणि इथे लागलं. घाई करावी लागते, कारण पेशी एका जागी बसत नाहीत. उशीर झाला तर रेघ इथे आणि पेशी भलतीकडे. बस, एवढंच माझं काम. एवढ्यासाठी मी तुझी शाळेतली नाटकं चुकवली, आणि तू झाड झाली होतीस तेव्हा बाबाच पहिल्या रांगेत बसले होते.

बाबांचं सांगते. त्यांना आता बसवत नाही, हे तुला माहीत आहे. पण त्यावर त्यांनी काय तोड काढलीय ते माहीत नसेल. खिडकीजवळचं कपड्यांचं कपाट आहे ना, छातीएवढं, त्याच्यावर आम्ही ताटं ठेवतो आणि उभ्यानं जेवतो. मी बसले तर त्यांना अवघडल्यासारखं होतं म्हणून मीही उभी. दोघं आपले कुणाच्या तरी पार्टीला आल्यासारखे. समोरच्या इमारतीतली बाई एकदा बघत राहिली, तर बाबांनी तिला पेला उंच करून दाखवला. विनोद चालूच असतात. परवा म्हणाले, इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, हजारो माणसं सुखरूप वर पाठवली, आणि स्वतःची पाळी आली तर दोर धरून काय बसायचं? मी हसले नाही, तर म्हणाले, जुना झाला वाटतं, नवीन आणतो. त्यांची भूक गेलीय. वेदनेच्या गोळ्यांनी पोट बिघडतं, पोटाच्या गोळीनं झोप येते, आणि झोप लागली की दुखून जाग येते. डाव्या कुशीवर थोडा वेळ, उजव्या कुशीवर थोडा वेळ. मी मधे उठून त्यांना वळवते. मला फोनवर तू विचारतेस की बाबा कसे आहेत, आणि मी म्हणते, ठीक आहेत. काय सांगू दुसरं?

आता एक इथलीच गोष्ट सांगते. मध्यंतरी आमच्याकडे एक चमत्कार झाला होता. आमच्यातला एक भौतिकशास्त्रवाला आहे, तू त्याला पाहिलंयस, दाढीवाला, आपल्याकडे आला की बाबांबरोबर लिफ्टच्या मोटारींवर वाद घालतो तो. तो आणि मी मिळून ती चित्रं एकमेकांवर ठेवत होतो आणि भलतंच काहीतरी दिसायला लागलं. ज्या पेशींतून किरणाच्या रेघा गेल्या होत्या त्या खुशाल होत्या, एक ठिपका नाही. आणि ज्यांना काही लागलंच नव्हतं, त्या शेजारणी ठिपक्यांनी भरलेल्या. असं थोडंफार होतं, ते खोटं नाही. लागलेली पेशी आजूबाजूला काहीतरी निरोप पाठवते आणि न लागलेलीही बिघडते, हे पुष्कळांनी पाहिलंय. पण इतकं? लागलेलीला काहीच नाही आणि सगळं शेजारणीला? एकदा झालं, दोनदा झालं, दर खेपेला तेच. दाढीवाला तर हवेतच होता. लेखाचा मसुदा लिहायला घेतला त्यानं.

आणि मला, चिंगे, ते लगेच पटलं. एरवी मी किती खुसपटं काढते. तेव्हा एकही काढलं नाही, कारण मी ते रोज घरी बघत होते. ज्याला लागलंय तो उभ्यानं जेवतो, पेला उंच करतो, विनोद सांगतो. आणि शेजारची मी थकून थकून भिंतीला धरून चालते, आणि तिकडे लांब तू जेवणं टाकून फोन करत सुटलीयस. मला वाटलं, बरोबर आहे, असंच असतं. माझ्या थकव्याला कुणीतरी शास्त्राचा शिक्का मारून दिला असं वाटलं. जरा समाधानही झालं, आता लिहिताना लाज वाटते, पण झालं.

मग एक दिवस बाबांची दाढी करत होते. हल्ली मीच करते, गोळ्यांनी त्यांचा हात कापतो. ते बेसिनची कड धरून आरशासमोर उभे राहतात, मी मागून त्यांच्या खांद्यावरून आरशात बघत ब्लेड फिरवते. हनुवटीच्या बाजूला थोडं कापलं. आरशात माझ्या डाव्या बाजूला रक्त दिसलं. मी कापूस घेतला, पुढे येऊन त्यांच्याकडे तोंड केलं आणि पुन्हा माझ्या डाव्या बाजूचाच गाल दाबून धरला. नीट दाबला, काळजीनं, किती वेळ. ते दाबून घेत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, लागलंय इकडे आणि तू पुसतेयस तिकडे."

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले आणि कोट काढायच्या आधी ती दोन चित्रं उघडली. त्या स्फटिकाचा एक कोपरा जरासा फुटलेला होता. पेशींच्या चित्रात फुटका कोपरा डावीकडे. रेघांच्या चित्रात उजवीकडे. पेशी आम्ही खालून बघतो. नंतर स्फटिक धुऊन उलटा करून रेघा वाचतो. पूर्वीचा प्रोग्रॅम दुसरं चित्र आपणहून फिरवून घ्यायचा. नव्याला ते सांगावं लागतं, आणि सांगितलं कुणीच नव्हतं. दाढीवाल्याला वाटलं मी सांगितलं, मला वाटलं त्यानं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी एक चित्र फिरवलं. सगळे ठिपके रेघांवर जाऊन बसले. ज्यांना लागलं होतं, दुखत त्यांनाच होतं, पहिल्यापासून. आम्ही त्यांचं दुखणं उचलून भलत्यांच्या अंगावर ठेवलं होतं. दाढीवाल्याला बोलावून दाखवलं. त्यानं बराच वेळ चष्मा पुसला आणि मग सगळ्यांसाठी चहा आणायला गेला.

सुतावरून स्वर्ग गाठू नये हे मला कळतं. पेशी त्या पेशी आणि आपण आपण. पण त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांकडे बघितलं. गेले कित्येक महिने मी त्यांच्या गोळ्या बघत होते, पथ्य बघत होते, रिपोर्ट बघत होते, माझी पाठ आणि तुझी धावपळ बघत होते. त्यांच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं. ते खूप बारीक झालेत, चिंगे. आणि विनोद सांगताना कपाटाची कड घट्ट धरतात.

किरण आला. गळती सापडली म्हणे. पेशी घेऊन आत जायला हवं. उरलेलं नंतर.

हे दुसऱ्या दिवशी, कँटीनमध्ये. काल पुढे लिहायला जमलं नाही. किरण आला आणि गेला, परत आला. चित्रं बरी आली. फुटका कोपरा आता आम्ही आधी बघतो, दाढीवाला मोठ्यानं म्हणतो 'डावीकडे' आणि मी म्हणते 'डावीकडे', बोटीवरच्या खलाशांसारखं. मला हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. घरी गेले, बाबांना सूप दिलं, त्यांनी चार चमचे घेतले आणि छान झालंय म्हणाले.

डॉक्टरांचं सांगायचं राहिलंय. मागच्या तपासणीला बाबा पडद्याआड कपडे घालत होते तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं की तिकडे न्यावं का. त्या फार बोलत नाहीत, बोलताना टेबलाकडे बघतात. म्हणाल्या, "गाठीला उपयोग होईल. माणसाला किती होईल, ते मला सांगता येत नाही." मी संध्याकाळी तुला फोनवर पहिलं वाक्य सांगितलं, आणि दुसरं सांगायच्या आत तू खोली बघायच्या गोष्टी करायला लागली होतीस. मग मी ते सांगितलंच नाही. बाबांच्या फुफ्फुसात आणि यकृतात जे आहे ते तुलाही ठाऊक आहे. लहान आहे, आधी मुख्य गाठ जाऊ दे, मग बघू, असं तू म्हणतेस. पण ते लहान राहिलेलं नाही. आणि किरण जिथे थांबवू तिथेच थांबतो. बाकीच्यांना त्याचं काही नाही. गाठ एकाच जागी असती तर मी स्वतः बाबांना पाठुंगळीला मारून तिथे नेलं असतं. हे काम मी जन्मभर केलं आणि माझ्या घरच्या माणसाला ते उशिरा पोचलं. हा घास मला अजून गिळता आलेला नाही. गिळला जाईल असंही वाटत नाही.

आणि आता जे सांगते ते मी सांगायचं नाही असं ठरलं होतं.

गेल्या आठवड्यात एक दिवस किरण लवकर बंद झाला म्हणून मी दुपारीच घरी गेले. किल्लीनं दार उघडलं. आतल्या खोलीतून टिकटिक ऐकू येत होती. स्वयंपाकघरातलं ते मिनिटं लावून ठेवायचं घड्याळ, कोंबडीच्या आकाराचं, तू पहिल्या पगारातून आणलेलं. बाबा पलंगावर पालथे झोपले होते. त्यांना पालथं झोपता येत नाही, तुला सांगितलं होतं ना? तसं झोपलं की दुखतं आणि छातीवर भार आला की श्वास पुरत नाही. तोंड उशीत खुपसलेलं, दोन्ही मुठींत चादर, आणि कोंबडी उशाशी टिकटिकतेय. आधी मला काही कळेचना. मग पलंगाच्या बाजूला तुझ्या त्या केंद्रानं पाठवलेल्या सूचना दिसल्या. रुग्णाला साच्यात पालथं झोपावं लागेल, अजिबात हलता येणार नाही. बाबा सराव करत होते. घंटी वाजली. ते थोडा वेळ तसेच पडून राहिले, मग हात लांब करून चाचपत त्यांनी परत चावी दिली. आधीपेक्षा जास्त दिली. मी खांद्यावर पिशवी घेऊन दारात उभी होते आणि माझ्याच्यानं आत जाववेना.

शेवटी गेले. घड्याळ बंद केलं, त्यांना कुशीवर वळवलं. चेहरा घामानं भिजला होता आणि गालावर उशीच्या शिवणीचा वळ होता. मी काठावर बसले आणि जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. तू विचारलं होतंस 'येणार ना?', मी विचारत होते 'कधी निघायचं?'. त्या दिवशी विचारलं, "तुम्हाला खरंच जायचंय का?"

त्यांनी बाहीनं चेहरा पुसला. मग म्हणाले, "नाही." आणि थोड्या वेळानं, "पण पोरीला नाही म्हणायचं माझ्याच्यानं होत नाही. कधी झालंय?"

खरंच कधी झालं नाही. तुला आठवतंय का, भर तापात तुला पाठीवर घेऊन घोडा घोडा केलं होतं त्यांनी, कारण तू सकाळी कबूल करून घेतलं होतंस. मी म्हटलं, मग मी सांगते तिला. तर माझा हात घट्ट धरला. इतका जोर त्यांच्यात अजून आहे हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाले, "तू सांगू नकोस. तू सांगितलंस तर ती मला काही बोलणार नाही, पण तुझ्यावर जन्मभर चिडून राहील. मग मी गेल्यावर तुम्ही दोघी कशा राहाल?" मी हो म्हटलं. मग त्यांनी घड्याळ परत उशाशी ठेवायला सांगितलं. मी ते स्वयंपाकघरात नेऊन डब्यांमागे लपवलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्यांनी ते शोधून काढलं होतं.

त्यांना काय हवंय तेही मी विचारलं. फार काही नाही. दुखणं कमी करणारी मंडळी आहेत दवाखान्यात, त्यांनी घरी येऊन बघावं, एवढं चालेल म्हणाले. आपली खिडकी हवी. लिफ्टच्या कामातला जुना जोडीदार संध्याकाळी येतो, तो येत राहायला हवा. आणि तुझ्याशी पत्ते खेळायचेत, तू लबाडी करतेस ती आता आपल्याला पकडता येते का ते बघायचंय म्हणाले. पत्ते पलंगावर पडूनही खेळता येतात. त्यासाठी पालथं झोपावं लागत नाही.

तर चिंगे, हे पत्र एवढ्यासाठी आहे. त्यांना दिलेला शब्द मी मोडलाय आणि आता काम तुझ्याकडे आहे. मी त्यांना 'नका जाऊ' म्हटलं तर मी हात टेकले असं होतं. डॉक्टरांनी म्हटलं तर आशा संपली असं होतं. तू म्हटलंस तरच त्यांची सुटका आहे, कारण ते तुझ्यासाठीच चाललेत. पत्र मिळाल्याचं बोलू नकोस. रविवारपर्यंत थांबू नकोस. केंद्राला कळवायच्या आधी त्यांना फोन कर आणि तुझं तूच ठरवलंस असं सांग. म्हण, बाबा, मी खूप विचार केला, आपण नको जाऊ या, रजा मिळालीच आहे तर मी घरी येते. ते म्हणतील, अगं पण मी तयार आहे. एकदा म्हणतील, दोनदा म्हणतील, पालथं झोपायलाही जमायला लागलंय असंही सांगतील. ते खरं आहे, थोडं जमायला लागलंय. तरी तू नको म्हण. तुला हे किती जड जाईल ते मला कळतं, मी स्वतः गेला आठवडाभर त्याच्याभोवती फिरतेय. त्यांच्यावर चिडू नकोस. माझ्यावर चीड, हवं तितकं चीड, पण इथे येऊन चीड.

तुझीच,
आई